शाळा सोडण्याचे कारण

आमच्या शाळेच्या अमृतमहोत्सवानिमित्त स्मरणिका काढायचे ठरले, तेव्हा तिच्यातील ‘शाळेचा इतिहास’ हे प्रकरण लिहिण्याचे काम संस्थेने माझ्याकडे सोपवले. मी याच शाळेचा विद्यार्थी. पुढे याच शाळेत इतिहास आणि मराठी शिकवले आणि इथूनच निवृत्त झालो. त्यामुळे हे काम मला अवघड जाणार नाही, असे सर्वांनी गृहीत धरले होते आणि मीही तसेच धरले होते. रौप्यमहोत्सवी आणि सुवर्णमहोत्सवी अशा दोन जुन्या स्मरणिका हाताशी होत्या. त्यांतील मजकूर नीट लावून घ्यायचा, शेवटच्या पंचवीस वर्षांची भर घालायची आणि दोन महिन्यांत सगळे छापखान्याकडे द्यायचे, असा साधा आराखडा होता. प्रत्यक्षात या कामाला वर्षाहून अधिक काळ लागला, आणि जे हाती आले ते आराखड्यापेक्षा फार वेगळे होते.

दोन्ही स्मरणिका मी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, तेव्हा पहिली अडचण लक्षात आली. सुवर्णमहोत्सवी लेखाचा पहिला अर्धा भाग रौप्यमहोत्सवी लेखातून शब्दशः उतरवलेला होता, इतका की एका मुख्याध्यापकांच्या कारकिर्दीचे चुकलेले सालही तसेच पुढे आले होते. संस्थापक, देणगीदार, मुख्याध्यापकांची यादी, इमारतीची कोनशिला, प्रयोगशाळेचे उद्घाटन, निकालाचे तक्ते आणि नावारूपाला आलेले माजी विद्यार्थी, एवढ्यात शाळेचा इतिहास संपत होता. हे सगळे खरे होते आणि महत्त्वाचेही होते. ज्या माणसांनी स्वतःच्या जमिनी देऊन, घरोघर फिरून वर्गणी गोळा करून शाळा उभी केली, त्यांच्याविषयी माझ्या मनात अपार कृतज्ञता आहे. परंतु ज्यांच्यासाठी शाळा उभी राहिली ती मुले या लेखांत कुठेच नव्हती. ती पटसंख्येच्या आकड्यात होती, नाहीतर गुणवत्ता यादीत.

म्हणून मी कागदपत्रांपासून सुरुवात करायचे ठरवले, आणि पहिल्याच प्रश्नाला अडखळलो. शाळा नेमकी स्थापन केव्हा झाली? संस्थेच्या इतिवृत्तात हायस्कूल काढण्याचा ठराव एका तारखेचा आहे. धर्मशाळेच्या दोन खोल्यांत पहिला वर्ग भरला तो त्यानंतर काही महिन्यांनी, जून महिन्यात. शिक्षण खात्याच्या मान्यतेचे पत्र आले ते आणखी पुढे. आजवर वर्धापनदिन साजरा होत होता तो यांपैकी एकाही तारखेला नव्हे, तर नव्या इमारतीच्या उद्घाटनाच्या दिवशी. बैठकीत यावर बराच ऊहापोह झाला. माझे मत असे होते की, ठराव होऊनही न उघडलेल्या शाळा असतात आणि मान्यता मिळण्यापूर्वी मन लावून चाललेल्या शाळाही असतात; तेव्हा ज्या दिवशी पहिल्या विद्यार्थ्याचे नाव दाखल झाले तोच शाळेचा पहिला दिवस मानावा. ते मत मान्य झाले, आणि तो दिवस पाहण्यासाठीच कार्यालयातले लोखंडी कपाट उघडायला मी आमच्या लिपिकांना, म्हणजे भाऊसाहेबांना सांगितले.

कपाटाच्या सर्वांत वरच्या खणात जनरल रजिस्टरचे खंड ओळीने उभे होते. शाळेच्या कार्यालयात ज्यांनी काम केले आहे त्यांना या रजिस्टरचे मोल सांगायला नको. हजेरीपट, फीच्या पावत्या, किरकोळ खर्चाच्या फायली यांची मुदत संपली की त्या नष्ट करता येतात. जनरल रजिस्टर मात्र कायम जतन करायचे असते. प्रत्येक विद्यार्थ्याला त्यात एक क्रमांक मिळतो, आणि त्या एका आडव्या ओळीत त्याचे पूर्ण नाव, धर्म व जात, जन्मस्थळ, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख, यापूर्वीची शाळा, प्रवेशाचा दिनांक व इयत्ता, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याचा दिनांक, सोडताना इयत्ता, सोडण्याचे कारण आणि शेरा असे सगळे लिहिलेले असते. दाखला याच ओळीवरून निघतो. एरवी या रजिस्टरकडे आम्ही शिक्षकसुद्धा कोणाचा तरी दाखला हवा असला तरच वळतो, आणि तेव्हाही हवी ती ओळ पाहून रजिस्टर मिटतो. ते पहिल्या पानापासून पुस्तकासारखे कोणी वाचत नाही.

पहिला खंड मी टेबलावर उघडला तेव्हा कापडी बांधणीचा दोरा सुटलेला होता आणि पानांच्या कडा कसरीने जाळीदार केल्या होत्या. निळ्या-काळ्या शाईचे, बोरूच्या वळणाची आठवण देणारे अक्षर होते. नाव दाखल करताना निळी शाई आणि नाव कमी करताना तांबडी, ही पद्धत पहिल्या ओळीपासून पाळलेली होती. सुरुवातीच्या नोंदींत प्रवेशाची इयत्ता ‘इंग्रजी चौथी’ अशी आहे आणि पुढे तिथेच ‘आठवी’ दिसू लागते. मराठी चार इयत्ता झाल्यावर इंग्रजी पहिलीपासून मोजायचे आणि इंग्रजी सातवीला मॅट्रिकला बसायचे, ही जुनी गणना मागे पडून पाचवी ते अकरावी अशी सलग गणना सुरू झाली, तो काळ या दोन शब्दांच्या मधे उभा आहे. मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकची जागा १९४९ पासून एस.एस.सी.ने घेतली होती, तरी आमच्या गावातली जुनी माणसे पुढे कितीतरी वर्षे त्या परीक्षेला मॅट्रिकच म्हणत राहिली.

रजिस्टर शाळेबाहेर नेता येत नसल्याने मी रोज अकरा वाजता कार्यालयात जाऊन बसू लागलो. पाने हाताळून आणखी फाटू नयेत म्हणून प्रत्येक पानाचे मोबाइलवर छायाचित्र घ्यायचे, त्याला खंडाचा आणि पानाचा क्रमांक द्यायचा आणि मग संगणकावर एकेक नोंद उतरवायची, असा क्रम ठरवला. आमच्याच एका माजी विद्यार्थिनीने त्यासाठी तक्ता तयार करून दिला. पहिले काही आठवडे मी फक्त नाव, इयत्ता आणि तारखा उतरवत होतो. उरलेले रकाने स्मरणिकेच्या कामाचे नाहीत, असे मला वाटत होते.

माझे हे मत बदलले ते जन्मतारखांमुळे. १ जून या तारखेला जन्मलेली मुले एका पानावर इतकी दिसू लागली की प्रथम मला माझ्या वाचनात चूक होते आहे असे वाटले. चूक नव्हती. घरी जन्माची नोंद नसलेल्या मुलाला शाळेत घालायला आणले की गुरुजी त्याच्याकडे पाहून वयाचा अंदाज घेत आणि शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख लिहून टाकत, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. परंतु ते ठाऊक असणे वेगळे आणि तीच तारीख पानाच्या वरपासून खालपर्यंत उतरताना पाहणे वेगळे. ज्या घरांत तारीख लिहून ठेवणारे कोणी नव्हते, अशा घरांतली ही शाळेत आलेली पहिली पिढी होती. पुढच्या खंडांत १ जून विरळ होत जातो आणि वर्षभरातल्या खऱ्याखुऱ्या तारखा येऊ लागतात. त्या मुलांतली कितीतरी मुले त्या १ जूनवाल्यांचीच होती, हे आडनावांवरून आणि गावांवरून ओळखू येत होते. आईचे नाव लिहायला मात्र त्या जुन्या खंडांत रकानाच नव्हता.

तेव्हापासून मी कोणताच रकाना सोडला नाही, आणि सर्वांत जास्त वेळ थांबलो तो ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यापाशी. अकरावीपर्यंत, आणि नंतरच्या काळात दहावीपर्यंत, पोहोचलेल्यांपुढे ‘एस.एस.सी. उत्तीर्ण’ असे असते. ‘वडिलांची बदली’ असे असले तर ते बहुधा सरकारी नोकरांचे मूल असते. या दोहोंखेरीज जे उरतात त्यांच्यापुढे दोन-चार ठराविक शब्दसमूह पुनःपुन्हा येतात: ‘फी न भरल्याने नाव कमी’, ‘सतत गैरहजर’, ‘घरच्या अडचणीमुळे’. ही सगळी उत्तरे लिपिकाने लिहिलेली आहेत. मुलाला किंवा मुलीला कोणी विचारून लिहिलेली नाहीत, आणि बहुतेक वेळा विचारायला ते मूल समोर नसायचेच.

या शब्दांचा अर्थ लावायचा तर दुसरे कागद जोडून पाहावे लागतात, हे मी शिक्षक म्हणून मुलांना शिकवले होते. स्वतः करून पाहिले ते निवृत्तीनंतर. पहिल्या दशकाच्या बाबतीत मला कॅशबुकाने साथ दिली. त्यातले फीचे आकडे रुपये, आणे आणि पै अशा तीन उभ्या ओळींत आहेत. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली. लिपिकाने त्या दिवशी नवे पान घेतले, तिसरी ओळ रेघ मारून बंद केली आणि मधल्या ओळीवर ‘नये पैसे’ असे ठळक लिहिले. पुढचे काही दिवस तो समासात आण्यांचे पैसे करून पाहत होता, ती बारीक गणिते अजून तशीच आहेत. या कॅशबुकात ज्यांची फी थकल्याचे दिसते, तीच नावे काही महिन्यांनी जनरल रजिस्टरात तांबड्या शाईने कमी झालेली सापडतात. फी आज पाहिली तर किरकोळ वाटेल. त्या काळी शेतमजुराच्या घरात ती रोख रक्कम दर महिन्याला काढणे शक्य नसे. पुढे आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतील मुलांना फीची सवलत सुरू झाली आणि कागदांवर ‘ई.बी.सी.’ ही तीन अक्षरे दिसू लागली. त्यानंतर आमच्या रजिस्टरातील ‘फी न भरल्याने नाव कमी’ ही नोंद झपाट्याने घटत जाते. सरकारी निर्णयाचा परिणाम इतक्या थेट, ओळीओळीने पाहण्याचा माझा हा पहिलाच अनुभव होता, आणि त्या तीन अक्षरांकडे मी त्या दिवशी फार वेगळ्या भावनेने पाहिले.

१९७२ सालच्या पानांपाशी आलो तेव्हा मला माझे स्वतःचे नाव सापडले. त्या वर्षी मी आठवीत होतो. दुष्काळ मला आठवतो तो शाळेच्या आवारातल्या कोरड्या आडामुळे आणि पाण्याचा डबा घरून आणावा लागे त्यामुळे. वर्गातली मुले कमी होत गेली होती हेही आठवत होते. पण किती, आणि कोण, हे मला पानावरच कळले. दिवाळीनंतरच्या महिन्यांत ‘घरच्या अडचणीमुळे’ हे शब्द एका ओळीत लिहिलेले आहेत, आणि त्याच्याखाली लिपिकाने फक्त ‘सदर’, ‘सदर’, ‘सदर’ असे लिहीत पान संपवले आहे. माझ्या बाकावर माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाची ओळही त्यातच आहे.

तो मित्र अजून हयात आहे आणि शेती पाहतो. मी त्याला भेटायला गेलो, कारण इतक्या वर्षांत मी त्याला शाळा का सोडली असे कधीच विचारले नव्हते. तो म्हणाला, “अरे, आम्ही सगळेच कामावर गेलो होतो. आई, दादा आणि मी. खडी फोडायची, पाटीनं वाहायची. हजेरी लागायची मोठ्यांची, पण हात जास्त असले की ढीग मोठा व्हायचा.” दुष्काळी कामावरच्या मुकादमाचे हजेरीपत्रक त्याला नीट आठवत होते. दुपारच्या सुट्टीत खडीच्या ढिगावर बसून तो इंग्रजीच्या पुस्तकातले धडे वाचत असे, हेही त्याने सांगितले. पाऊस आल्यावर शाळेत परत का आला नाहीस, असे विचारले तेव्हा तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “तुम्ही पुढं गेला होतात. मागच्या वर्गात बसायची लाज वाटली.” हे कारण कोणत्याही रकान्यात मावणारे नव्हते. मी ते वहीत लिहून घेतले आणि त्याला वाचून दाखवले. असेच लिही, असे तो म्हणाला.

मी ज्या तुकडीबरोबर पुढे गेलो ती दहावीची पहिली तुकडी. कोठारी आयोगाने सुचवलेला दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध राज्यात लागू झाला आणि १९७५ साली जुन्या अभ्यासक्रमाची अकरावी आणि नव्या अभ्यासक्रमाची दहावी अशा दोन तुकड्या एकाच वर्षी शाळेबाहेर पडल्या. त्या वर्षीच्या दाखल्यांच्या नोंदींनी रजिस्टरची लागोपाठ किती तरी पाने तांबडी झालेली आहेत. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा अकरावीचा वर्ग रिकामा होता. वर्ग कमी झाला म्हणजे शिक्षकांचा कार्यभार कमी होणार, म्हणून संस्थेच्या इतिवृत्तात त्या उन्हाळ्यात काळजीच्या सुरात बैठकांवर बैठका झालेल्या दिसतात. कनिष्ठ महाविद्यालय जोडण्याचा निर्णय त्यातूनच झाला. रौप्यमहोत्सवी स्मरणिका याच सुमारास निघाली आणि तिच्यात या सगळ्याचा उल्लेख एका वाक्यात आहे.

१९७७ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या आणि चोपन्न दिवस चाललेल्या संपाची नोंद मला सूचनावहीत सापडली, किंवा असे म्हणावे की सापडली नाही. एका सूचनेनंतर एकदम दोन महिन्यांनंतरची सूचना येते, आणि ती दहावीच्या जादा तासांविषयी आहे. केंद्राप्रमाणे महागाई भत्ता मिळावा यासाठी राज्यातले कर्मचारी आणि शिक्षक तेव्हा संपावर होते. आमचे शिक्षक परत आले ते सकाळी सातला वर्ग घेऊ लागले आणि परीक्षेपर्यंत घेत राहिले, असे त्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी मला सांगितले. त्याच वर्षी खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा झाला आणि १९८१ मध्ये त्याची नियमावली आली. या कायद्याआधीच्या इतिवृत्तांत शिक्षकाला एका ठरावाने कमी केल्याची उदाहरणे आहेत. त्यानंतर तसे करणे सोपे राहिले नाही. शिक्षकांच्या खोलीत बोलण्याचा सूर यामुळे बदलला, हे मी स्वतः अनुभवले आहे.

ऐंशीच्या दशकातील एका पावसाळ्याने मात्र मला सर्वांत जास्त काळ अडवून ठेवले. ऑगस्ट-सप्टेंबर या दोन महिन्यांत आठवी-नववीतल्या मुलींची नावे कमी झाली आहेत, आणि त्या सगळ्या ओढ्यापलीकडच्या दोन वाड्यांतल्या आहेत. कारण ‘सतत गैरहजर’. याच दशकात मुलींचे शिक्षण बारावीपर्यंत मोफत झाले, तेव्हा फीचा प्रश्न उरलेला नव्हता. मुलगे त्याच वाड्यांतून येत होते आणि त्यांची नावे कायम होती. मला काही केल्या उलगडा होईना. मग भाऊसाहेबांनीच सुचवले, “सर, जावक रजिस्टर पाहिलंत का? त्या सालातलं असलं तर कळेल.”

जावक रजिस्टर मुदतीनंतर नष्ट करायला हरकत नसते, पण आमच्या आधीच्या भाऊसाहेबांनी ते टाकले नव्हते. त्यात जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी पाठवलेल्या एका पत्राचा विषय लिहिला होता: ‘ओढ्यावरील फरशी पूल वाहून गेल्याबाबत’. ऑगस्टमध्ये त्याच विषयाचे स्मरणपत्र आहे, सप्टेंबरमध्ये दुसरे, नोव्हेंबरमध्ये तिसरे. पुढच्या वर्षीच्या जूनमध्येही एक आहे. आवक रजिस्टरमध्ये मला एकाही पत्राचे उत्तर दिसले नाही. मुलगे कपडे डोक्यावर बांधून पाण्यातून येत. मुलींना ते शक्य नव्हते, आणि पाणी उतरल्यावरही आईवडिलांनी त्यांना पाठवले नाही, कारण एकदा घरी राहिलेल्या मुलीला घरातली कामे लागून गेलेली होती. फी माफ झाली होती, ओढा मात्र तसाच होता. पूल पुन्हा बांधला गेला तेव्हा त्या मुलींच्या धाकट्या बहिणी शाळेत आल्या. त्या स्वतः आल्या नाहीत.

ते मुख्याध्यापक मला सहकारी म्हणून लाभले होते. कडक शिस्तीचे, फारसे न बोलणारे म्हणून ते सर्वांच्या स्मरणात आहेत, आणि आधीच्या स्मरणिकेत त्यांच्याविषयी तेवढेच लिहिलेले आहे. ते एका पुलासाठी वर्षभर पत्रे लिहीत होते, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. ते हयात असताना मला हे कळले असते तर मी त्यांच्यापाशी जाऊन बसलो असतो.

निकालांच्या तक्त्याबद्दल थोडे सांगायला हवे, कारण त्यावरून बैठकीत मतभेद झाले. समितीतील काहींना पहिल्या वर्षापासून आजपर्यंतच्या एस.एस.सी. निकालांचा एक सलग आलेख हवा होता, आणि तो साहजिकच वर वर चढत जाणारा होता. मी त्याला हरकत घेतली. जुन्या अकरावीची परीक्षा आणि आजची दहावीची परीक्षा या एकाच मापाच्या नाहीत. अंतर्गत गुण आले. २०१० पासून सर्वोत्तम पाच विषयांचे गुण धरण्याची पद्धत आली. २०२१ मध्ये तर महामारीमुळे परीक्षाच झाली नाही आणि अंतर्गत मूल्यमापनावर लावलेला राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. हे आकडे एका रेषेने जोडले तर पन्नास-साठच्या दशकातल्या मुलांवर आणि शिक्षकांवर अन्याय होतो. तेव्हा आठवीत दाखल झालेल्यांपैकी परीक्षेला बसेपर्यंत किती टिकले, हे निकालाच्या टक्केवारीत येतच नाही, कारण टक्केवारी बसलेल्यांवर काढतात. शेवटी तक्ता कालखंडांत तोडून छापला आणि प्रत्येक तुकड्याखाली तेव्हाची परीक्षा पद्धत लिहिली. आलेख काढला नाही.

अलीकडच्या पंचवीस वर्षांचे लेखन मला सर्वांत सोपे वाटले होते आणि ते सर्वांत कठीण गेले. कागद विपुल आहेत, पण बोलत नाहीत. २००० मध्ये राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. आमच्याकडे येणारी मुले तेव्हापासून इंग्रजी अक्षरे ओळखत येऊ लागली आणि त्याच काळात इंग्रजी माध्यमाच्या शाळांकडे पालकांचा ओढा वाढला. आम्ही सेमी-इंग्रजीची तुकडी काढली, पट काही काळ सावरला, पुन्हा उतरला. ऑक्टोबर २०११ च्या राज्यव्यापी पटपडताळणीत आमच्या शाळेतली मुले प्रत्यक्ष मोजली गेली आणि पट खरा ठरला, याचा मला अभिमान आहे. परंतु संचमान्यतेत, म्हणजे पटावरून तुकड्या आणि शिक्षकांची पदे ठरवण्याच्या सरकारी मंजुरीत, पुढे एक तुकडी गेली आणि दोन तरुण शिक्षक अतिरिक्त ठरले. नोंदी आता संगणकावर होतात. शाळा सोडण्याचे कारण म्हणून बहुतेक ओळींत ‘पालकांची विनंती’ असे येते. पालकांनी विनंती का केली, हे पन्नास वर्षांनी कोणाला शोधायचे झाले तर त्याला जावक रजिस्टरही हाती लागेल की नाही, याची मला काळजी वाटते. म्हणून मी शेवटच्या काही वर्षांत शाळा सोडलेल्या मुलांच्या पालकांशी जमेल तितके बोललो आणि ते बोलणे लिहून ठेवले.

मसुदा तयार झाल्यावर तो समितीपुढे वाचला. शाळा अर्ध्यावर सोडलेल्या मुलांवरचे प्रकरण आनंदाच्या प्रसंगी कशाला, असा प्रश्न आला. तो गैर नव्हता. शाळेची बदनामी होईल अशी भीती त्यामागे होती, आणि शाळेवर माया असलेल्यांनाच तशी भीती वाटते. मी एवढेच म्हणालो की, ही मुलेही आपल्या रजिस्टरात आहेत, त्यांना क्रमांक आपणच दिलेला आहे. चर्चा बराच वेळ चालली. प्रकरण राहिले, थोडे आखूड झाले आणि कोणाचेही नाव न छापण्याचे ठरले. नावे न छापण्याचा निर्णय मलाही योग्य वाटला, कारण दारिद्र्याची किंवा घरच्या अडचणीची नोंद नावासह प्रसिद्ध करण्याचा अधिकार आम्हाला नव्हता.

स्मरणिका छापखान्यात जाण्यापूर्वी काही दिवस एक बाई आपल्या नातीला घेऊन शाळेत आल्या. नातीचा आठवीचा प्रवेश होता. मी कार्यालयात बसलेला पाहून त्यांनी विचारले, “सर, जुनी नावं शोधताय म्हणे. माझं असंल का?” त्या ओढ्यापलीकडच्या वाडीतल्या होत्या. मी त्यांचे माहेरचे नाव विचारले आणि खंड काढला. ते पान मला शोधावे लागले नाही. त्यांनी बोट ठेवून आपली ओळ वाचली. सावकाश, पण स्वतः वाचली. शेवटच्या रकान्यापाशी थांबून म्हणाल्या, “गैरहजर लिवलंय. मी गैरहजर नव्हते, सर. मी रोज ओढ्यापर्यंत येत होते. आठ दिवस रोज आले. मग आईनं दप्तर ठेवून घेतलं.” आणि मग, “हे बदलता येतं का?”

जनरल रजिस्टरातील नोंदीत शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेशिवाय बदल करता येत नाही, आणि शाळा सोडून इतकी वर्षे झाल्यावर सोडण्याच्या कारणासाठी तसा प्रस्ताव पाठवण्याची काही वाटही नाही, हे मला त्यांना सांगावे लागले. त्या मान हलवून गप्प बसल्या. तेव्हा भाऊसाहेबांनी ड्रॉवरमधून एक कोरा कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, “मावशी, तुम्ही आत्ता सांगितलंत ते यावर लिहा. मुख्याध्यापकांच्या नावानं अर्ज म्हणून लिहा.” नातीने मदत करू का असे विचारले, त्यांनी नको म्हटले. पाच ओळी लिहायला त्यांना बराच वेळ लागला. खाली सही करताना त्यांनी प्रथम माहेरचे नाव लिहिले आणि मग स्वल्पविराम देऊन सासरचे.

भाऊसाहेबांनी तो कागद आवक रजिस्टरमध्ये नोंदवला, त्यावर तारखेचा शिक्का मारला, आवक क्रमांक घातला आणि त्या खंडाच्या शेवटच्या पुठ्ठ्यापाशी पाकिटात घालून ठेवला. मग नव्या खंडात नातीचे नाव दाखल करायला घेतले. आईचे नाव या रकान्यापाशी आल्यावर त्यांनी मान वर करून विचारले, तेव्हा ती मुलगी बोलण्याआधी आजीच बोलल्या.